बोलते घडाघडा, वहीत मात्र चार ओळी

पत्र

ताई, स. न. वि. वि.

मी नाशिकरोडला राहतो, प्रेसमधून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. नात पाचवीत आहे, सेमी-इंग्रजी. बोलायला लागली की ऐकत राहावं अशी. रंगपंचमीला तिला जुन्या नाशकात रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा उड्या मारायचा हौद, दाखवायला नेलं, तर घरी येऊन आजीला अर्धा तास वर्णन सांगत बसली. बाईंनी त्याच विषयावर निबंध लिहायला सांगितला तेव्हा मात्र वहीत चार ओळी. वाचतानाही जोडाक्षर आलं की अडते, ओळ हरवते, पुढचा शब्द अंदाजाने ठोकून देते. मुलाने बरंच काही जमवलं आहे: रीड अलाँग, स्टोरीवीव्हर, फोनवर बोलून टाइप करणं, इंग्रजी तपासणारं ग्रामरली. त्यातच एका कंपनीचा माणूस घरी येऊन वर्षभराच्या वर्गणीचं ॲप दाखवून गेला, हप्त्यांवर. यातलं चांगलं कुठलं? बोलून लिहिणं ही चोरी नाही का? आणि त्या लाल रेघा मारणाऱ्या यंत्रांमुळे मुलांचं शुद्धलेखन बिघडतं, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचं काय?

एक आजोबा, नाशिकरोड

उत्तर

काका, नमस्कार.

त्या हप्त्यांच्या कागदावर अजून सही झाली नसेल तर तूर्त होऊ देऊ नका. त्याबद्दल शेवटी सांगते.

तुमच्या मुलाने जमवलेल्या गोष्टी एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या नाहीतच. एक वाचताना ऐकतं, एक गोष्टी पुरवतं, एक बोललेलं उतरवून घेतं, एक इंग्रजी व्याकरण पाहतं. त्यामुळे ‘चांगलं कुठलं’ या प्रश्नाला उत्तर नाही. मुलगी नेमकी कुठे अडते, हे कळलं की निवड आपोआप होते. तुमच्या पत्रातून मला एवढं दिसतं की विचार, शब्दसंपत्ती, सांगण्याची हौस यांत ती कुठेच कमी नाही. अडचण डोळ्यांपासून तोंडापर्यंतच्या आणि डोक्यापासून हातापर्यंतच्या रस्त्यात आहे. हे दोन वेगळे रस्ते आहेत, आणि दोन्हींसाठी वेगळी साधनं लागतात.

आधी घरीच एक छोटी तपासणी करा. ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ ही मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी २००५पासून गावोगावी होते. तिचा वाचनाचा कागद मराठीतही आहे आणि असरच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. एका पानावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, एवढंच असतं. सुरुवात परिच्छेदापासून करायची. तो सलग जमला तर गोष्ट द्यायची, नाही जमला तर शब्दांवर यायचं. पाच शब्दांपैकी चार बरोबर आले तर शब्दांची पातळी आली, नाहीतर अक्षरांवर. पाहुण्यांसमोर किंवा चुलत भावंडांसमोर हे करू नका. तिला एकटीला गॅलरीत घेऊन बसा.

माझा अंदाज आहे की ती गोष्टही वाचेल, पण अडखळत. मग तिच्या बालभारतीच्या पुस्तकातलं एखादं पान घ्या आणि त्यातले जोडाक्षरांचे शब्द वेगळे काढून वाचायला द्या. ‘र’कडे विशेष लक्ष ठेवा. वर्ग, प्रकाश, राष्ट्र, वाऱ्यावर, या चार शब्दांत तो चार वेगळ्या रूपांत येतो, आणि पाचवीतली बरीच मुलं यातल्या एखाद्या रूपावर कायम अडतात. कुणी तसं शोधत नाही, म्हणून ‘जोडाक्षरं येत नाहीत’ असा सरसकट शिक्का बसतो. कोणतं रूप अडतं ते कळलं, तर पंधरा-वीस शब्दांच्या सरावात ते सुटू शकतं. त्याला ॲप लागत नाही.

आता वाचनाची साधनं. रीड अलाँग हे गूगलचं. २०१९मध्ये भारतात ‘बोलो’ या नावाने आलं, त्याच वर्षी त्यात मराठी आली आणि पुढच्या वर्षी नाव बदललं. मूल मोठ्याने वाचतं, फोन ऐकतो, बरोबर वाचलेले शब्द रंगत जातात. अडलं तर शब्दावर बोट ठेवायचं, की ‘दिया’ नावाची सोबतीण तो म्हणून दाखवते. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेट बंद ठेवूनही चालतं, आणि मला हाच त्याचा मोठा गुण वाटतो: फोन एअरप्लेन मोडवर टाकून मुलीच्या हातात देता येतो. अंदाजाने शब्द ठोकून देण्याची जी सवय तुम्ही लिहिली आहे, तिच्यावर हे साधन चांगलं, कारण भलता शब्द म्हटला तर तो रंगत नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्यातल्या बऱ्याच गोष्टी लहान मुलांच्या आहेत आणि तारे-बिरे मिळवणं पाचवीतल्या मुलीला बालिश वाटू शकतं. तिने नाक मुरडलं तर आग्रह धरू नका. आणि ते उच्चार ऐकतं, वाचलेलं कळलं का हे त्याला ठाऊक नसतं. ते तुम्हीच विचारायचं.

स्टोरीवीव्हर मला तिच्यासाठी जास्त योग्य वाटतं. प्रथम बुक्सने २०१५मध्ये सुरू केलेला हा चित्रकथांचा साठा आहे. गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत: पहिली अगदी थोड्या शब्दांची, चौथी चांगली लांबलचक. सगळं मुक्त परवान्यावर, म्हणजे उतरवा, छापा, वाटा, कुणी विचारणार नाही. तिला दुसऱ्या पातळीपासून सुरू करा आणि पातळीचा आकडा तिच्यासमोर उच्चारू नका. एक सावधगिरी मात्र हवी. तिथे कुणालाही भाषांतर करता येतं, त्यामुळे काही गोष्टींचं मराठी झकास आहे, तर काहींचं वाचताना ठेच लागते. आधी तुम्ही वाचा, आवडलेल्या पाच-सहा निवडा आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरांत छापून आणा. ओळ हरवणाऱ्या मुलीला कागद आणि त्याखाली सरकवायला एक पट्टी, हे पडद्यापेक्षा बरं. एकच उतारा तीन-चार दिवस रोज वाचायचा. दर वेळी नवी गोष्ट नको. चौथ्या दिवशी तिला स्वतःलाच फरक ऐकू येतो, आणि वाचनाची गती अशीच वाढते.

वाचून दाखवणारी साधनं वेगळी. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत ‘सिलेक्ट टू स्पीक’ असतं. संगणकावर एज ब्राउझरमध्ये ‘रीड अलाउड’ असतं आणि त्यात आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत, ऐकायला बरेच स्वाभाविक. यांचा उपयोग वाचन शिकवण्यासाठी नाही. वाचन कच्चं आहे म्हणून परिसर अभ्यास मागे पडू नये, यासाठी आहे. ती पुस्तक समोर धरून ऐकेल, बोट ओळीवर फिरवेल, एवढं पुरे.

इथे एक मराठी अडचण येते, आणि इंग्रजीतल्या तुलना वाचून साधन निवडणाऱ्यांना ती कळत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या पीडीएफ युनिकोडमध्ये नाहीत. दिसायला मराठी, पण आत श्रीलिपी किंवा तसल्या फॉन्टची इंग्रजी अक्षरं दडलेली असतात. यंत्राला ती वाचायला लावली की अगम्य बडबड ऐकू येते आणि मूल हसत सुटतं. पारख सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ उचलून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी राहिली तर ठीक, कचरा झाला तर त्या पानाचा फोटो काढून गूगल लेन्सने मजकूर ओळखून घ्या. तसंच डिस्लेक्सियासाठी, म्हणजे वाचनाच्या अक्षमतेसाठी, बनवलेला ‘ओपनडिस्लेक्सिक’ हा फॉन्ट कुणी सुचवला तर वेळ घालवू नका, त्यात देवनागरी नाही. ‘अक्षरांमधलं अंतर वाढवा’ हा सल्लाही इंग्रजीसाठीचा. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे दिसू लागतात. आपण ओळींमधलं आणि शब्दांमधलं अंतर वाढवावं.

आता तुमचा खरा प्रश्न: बोलून लिहिणं ही चोरी का?

नाही. ज्ञानदेवांनी नेवाशात सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं, म्हणून ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांची झाली नाही. निबंधात दोन कामं असतात. काय सांगायचं, कुठून सुरू करायचं, कुठलं आधी आणि कुठलं नंतर, हे एक. आणि ते अक्षरांत उतरवणं, हे दुसरं. तुमच्या नातीला पहिलं उत्तम येतं. पण दुसरं इतकं जड जातं की त्याच्या ओझ्याखाली पहिलं दबतं. रहाडीवर तिने चार ओळी लिहिल्या त्या सांगण्यासारखं संपलं म्हणून नव्हे. ‘रंगपंचमी’तला अनुस्वार, ‘उड्या’तला ‘ड्या’ आणि ‘गर्दी’तला रफार सांभाळता सांभाळता ती दमली, म्हणून. अवघड शब्द टाळून सोपे शब्द निवडणं हे अशा मुलांचं नेहमीचं धोरण असतं. तिची वही पुन्हा पाहा, बोलताना वापरलेला एकही रसरशीत शब्द त्यात सापडणार नाही.

फोनच्या जीबोर्ड या कळफलकावर मराठीत बोलून टाइप करण्याची सोय २०१७पासून आहे. ती अशी वापरा. आधी तिला तुमच्याशी नुसतं बोलू द्या, फोन बाजूला. मग तिनेच ठरवावं की सुरुवात कशाने करायची: तिवंधा चौकातल्या गर्दीने, की पहिल्या धप्प्याने. मग एका वेळी दोन-तीन वाक्यं फोनला सांगायची आणि थांबायचं. आलेला मजकूर तिने मोठ्याने वाचायचा. हे वाचन परक्या धड्यापेक्षा सोपं जातं, कारण शब्द तिचेच असतात. पुढे काय येणार हे तिला माहीत असतं, आणि अंदाज करण्याची तिची खोड इथे पहिल्यांदाच तिच्या उपयोगी पडते. फोन चुका करणारच. पूर्णविराम बहुतेक वेळा येत नाहीत. आपल्या गावातले शब्द तर त्याला कुठून ठाऊक असणार? ‘रहाड’ म्हटलं की तो भलतंच काहीतरी लिहितो. या चुका तिने शोधायच्या. स्वतःची चूक दाखवली की पोरं चिडतात, फोनची चूक पकडताना मात्र त्यांना भलताच उत्साह येतो. ‘रहाड’सारखे शब्द जीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात घालून ठेवता येतात, ते कामही तिलाच द्या.

आणि शेवटी त्यातल्या पाच ओळी तिने हाताने वहीत उतरवायच्या. सगळा निबंध नाही, पाचच ओळी, पण नीट. ही पायरी गाळली तर तुमची शंका खरी ठरेल, कारण हाताला सराव मिळणार नाही आणि परीक्षेत हातात पेनच असणार आहे. शाळेत बाईंना हे आधी सांगून ठेवा. लपवून केलं तर ती चोरी वाटू लागते, मुलीलासुद्धा.

लाल रेघांबद्दल तुमच्याशी मी अर्धीच सहमत आहे. इंग्रजीत शब्दांची रूपं मोजकी, त्यामुळे यंत्राची यादी पुरते. मराठीत एकाच शब्दाला प्रत्यय, शब्दयोगी अव्यय, त्यावर पुन्हा प्रत्यय लागत जातात. ‘वाड्यासमोरच्यांनासुद्धा’ हा शब्द अगदी शुद्ध आहे, पण यंत्राच्या यादीत तो असेलच असं नाही, मग त्याखाली लाल रेघ येते. उलट ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ हे सगळेच खरे शब्द, म्हणून चुकीच्या जागी आले तरी यंत्र गप्प. तेव्हा मराठीत धोका वेगळा आहे. निम्म्या रेघा खोट्या निघाल्या की मूल खऱ्या रेघेकडेही बघेनासं होतं. वर्डमध्ये मराठी भाषेचा जोड बसवला तर तपासणी होते, लिबरऑफिससाठीही मराठी शब्दतपासणीचा जोड मिळतो. दोन्ही तुमच्या मुलाच्या कामाचे. नातीसाठी मी आत्ता बंद ठेवीन.

शुद्धलेखन खरं बिघडतं ते फोनच्या सूचनापट्टीमुळे, असं मला वाटतं. इंग्रजी अक्षरांत ‘मूल’ ठोकायचं आणि वर येईल तो पहिला पर्याय घ्यायचा, यात ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय मुलाने घेतलेलाच नसतो. त्यापेक्षा तुमच्या मुलाच्या लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट कळफलक चालू करा. विंडोजमध्ये तो असतोच, आणि अक्षरांचे स्टिकर बाजारात मिळतात. त्यात पहिली आणि दुसरी वेलांटी वेगवेगळ्या कळांवर आहेत, उकारही तसेच, म्हणजे प्रत्येक वेळी ठरवावंच लागतं. बहुतेक जोडाक्षरं करायला मध्ये हलन्ताची कळ दाबावी लागते, त्यामुळे ‘द्य’ किंवा ‘ष्ट’ कशाकशाचे बनलेत हे हाताला कळतं. एक गंमत तिला जरूर दाखवा: पहिली वेलांटी हाताने लिहिताना अक्षराच्या आधी काढतो, टाइप करताना मात्र अक्षर आधी आणि वेलांटी नंतर, जशी आपण म्हणतो तशी. ‘कि’ लिहिताना गोंधळणाऱ्या मुलांना हे पाहून चटकन उलगडतं.

नियमांचं म्हणाल तर १९६२चे चौदा आणि १९७२ची चारांची भर, असे अठरा नियम पाचवीत पाठ करायला लावू नका. एकच घ्या: मूल पण मुलाला, फूल पण फुलाचा, गरीब पण गरिबाला, वकील पण वकिलाने. असे शब्द तिच्याच निबंधांतून उचलून जोड्या करायच्या. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द वेगळे वागतात, ते पुढे पाहू. प्रेसमधल्या माणसाला डोळ्यांत तेल घालून तपासणं मी काय शिकवणार, पण एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवायची, बाकीच्यांकडे काणाडोळा करायचा, हे तुम्हाला जड जाईल म्हणून मुद्दाम लिहिते.

ग्रामरली आत्ता काढून टाका. ते मराठी तपासत नाही, आणि पाचवीच्या इंग्रजीला त्याची गरज नाही. निबंध लिहून देणाऱ्या चॅटजीपीटी वगैरेंचा उल्लेख तुम्ही केला नाही, पण मैत्रिणींकडून ते घरात येईलच. त्याच्या अटींनुसारच वापरणारा किमान तेरा वर्षांचा हवा, म्हणजे तिने एकटीने वापरायचं नाही. तुम्ही शेजारी बसून वापरणार असाल तर त्याला एवढंच सांगा की ‘रहाडीबद्दल मला एकेक करून प्रश्न विचार, उत्तरं तू लिहू नकोस.’ खरं तर प्रश्न विचारायला आजी पुरेशी आहे, आणि ती रहाड कुठल्या चौकात असते याबद्दल थापा मारणार नाही.

हे सगळं दोन-तीन महिने नेमाने करूनही फरक दिसला नाही, तर ते आळसावर ढकलू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. हे फार वेळा राहून जातं. मग अध्ययन अक्षमतेची चाचणी. मनेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी तयार केलेली ‘डाली’ ही डिस्लेक्सियाची चाचणी मराठीतही आहे. समुपदेशकांना विचारा की तपासणी मराठीतून करणार का, कारण केवळ इंग्रजीतून घेतलेल्या चाचणीवर सेमीच्या मुलीबद्दल निष्कर्ष काढणं मला पटत नाही. नाशकात चौकशीला सुरुवात जिल्हा रुग्णालयातून करा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीला राज्य मंडळ वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती देतं. काही घरांत ‘मुलीला असा कागद चिकटेल’ म्हणून हे टाळतात. तुमच्या घरी तसा विचार आला तर तुम्ही वडीलधारे म्हणून मोडून काढा.

आता हप्त्यांचं. त्या माणसाला पुन्हा बोलवा आणि त्याचा तयार नमुना बाजूला ठेवून नातीचं मराठीचं पुस्तक उघडा. हे पान तुमचं ॲप वाचून दाखवेल का, मुलगी वाचेल ते ऐकेल का, चूक कुठे झाली ते सांगेल का? बहुधा तो इंग्रजी आणि गणिताच्या चित्रफिती दाखवू लागेल. त्या चांगल्या असतीलही, पण तुमची अडचण ती नाही. तरीही मुलाला घ्यायचंच असेल तर हप्ता कंपनीचा आहे की कुठल्या वित्तसंस्थेचं कर्ज मुलाच्या नावावर चढतं आहे, हे कागदावर वाचा. कर्ज असेल तर ॲप बंद केलं तरी हप्ता आपोआप थांबत नाही, तो वेगळा रद्द करावा लागतो. परताव्याची मुदत किती दिवसांची, ते लेखी घ्या. आणि सही आधीच झाली असेल तर आजच ते कागद काढून ती मुदत पाहा, ती संपायच्या आत ईमेलने कळवा, फोनवर नको.